इंजिनावरून गाडी

माझ्या हाताला पहिल्यांदा ग्रीस लागलं ते वयाच्या अडतिसाव्या वर्षी. सांगण्यासारखी गोष्ट नाही, कबूल. पण ज्या माणसानं जन्मभर ऑटो चालवला आणि जन्मभर तो स्वतःच दुरुस्त केला, त्याच्या पोरानं अडतिशीपर्यंत पाना हातात धरलेला नसावा, यासाठी त्या माणसाला बरेच कष्ट घ्यावे लागले होते. लहानपणी मी गाडीजवळ रेंगाळलो की बाबा हातातला पाना घराच्या दिशेनं रोखायचे आणि म्हणायचे, "पुस्तक घे. इथं तुह्यं काई काम नाई." आमच्या वस्तीत, विहाराच्या आसपासच्या दहा-पंधरा घरांत, त्या काळी बहुतेक बापांचं म्हणणं हेच होतं. पोराचे हात काळे होता कामा नयेत. मी पुढं जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर झालो, त्यात माझ्या हुशारीचा वाटा किती आणि त्या पान्याचा किती, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

बाबा गेले त्याला आता दीड वर्ष झालं. त्यांच्याविषयी लिहायचं म्हटलं की मला ते इंजिन आधी आठवतं, आणि मग राग येतो. कुणावर, ते पुढं सांगतो.

त्याच्या दोन वर्षं आधी बाबांच्या किडन्यांनी हात टेकले होते. मंगळवारी आणि शुक्रवारी त्यांना वाशीमला डायलिसिसला न्यावं लागायचं. चार तास मशीनला लावायचं आणि पिळून काढलेल्या माणसाला घरी आणायचं. एसटीत चढण्याची त्यांची ताकद नव्हती. सुरुवातीला एकदा ओळखीच्या जीपमध्ये नेलं, तर परत येताना ते मागच्या सीटवर ओकले. जीपवाला बिचारा काही बोलला नाही, फडकं घेऊन पुसत राहिला. पण बाबा स्वतः तीस वर्षं सवाऱ्या वाहिलेला माणूस. कुणी गाडीत ओकलं की ते रस्त्यात गाडी उभी करून त्याच्या सात पिढ्या काढायचे. त्या दिवसापासून ते दुसऱ्याच्या गाडीत बसले नाहीत. "मेलो तरी चालन, पन लोकाच्या गाडीत नाई," म्हणाले, आणि त्यांनी एकदा नाही म्हटलं की तो विषय आमच्या घरात संपायचा.

मग त्यांचाच जुना डिझेल ऑटो कामी आला. मागची सीट काढून तिथं फळी आणि फळीवर गादी टाकली. गाडी चालवायला मला त्यांनी शिकवलं, तेही नाइलाजानं. शिकवताना सारखे म्हणत, "क्लच हाय तो. फळ्याचं डस्टर नाई." आठवड्यातून दोन दिवस मी रजा टाकायचो, शाळेत मुख्याध्यापकांचं तोंड बघायचो, आणि चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर ते खडखडणारं धूड हाकायचो.

सगळ्यात वाईट गोष्ट होती ती पाण्याची. डॉक्टरनं दिवसाचं पाणी मोजून दिलं होतं. आई चहाच्या कपानं द्यायची. कप ओठाला लावला की दोन घोटांत रिकामा व्हायचा, आणि बाबा तो तसाच धरून ठेवायचे, तळाशी थेंब जमेल म्हणून. आई हात पुढं करून कप काढून घ्यायची. उन्हाळ्यात तर ते माठाकडे पाठ करून झोपत. मी त्यांना समजावायचो. मास्तर माणूस, समजावण्याची सवयच असते. जास्त पाणी प्यालं तर छातीत भरतं, पायावर सूज येते, असं मी त्यांना चौथीच्या पोरांना सांगावं तसं सांगायचो. ते ऐकून घ्यायचे.

त्यांच्याकडे एकच काम उरलं होतं. वाशीमला निघायच्या आधी इंजिनातलं ऑइल पाहायचं. आईच्या खांद्यावर हात ठेवून ते गाडीच्या मागं जात, ऑइलची पट्टी उपसत, खांद्यावरच्या दुपट्ट्याला पुसत, पुन्हा आत घालून काढत, आणि तिच्यावरची काळी रेघ उन्हात धरून बघत. "ठीक हाय," म्हणाले की मी गाडी सुरू करायची. त्या गाडीतला ऑइलचा दिवा कधीचाच गेला होता. त्यांचा "ठीक हाय" हाच दिवा. तो दुपट्टा तर काळ्या रेघांनी भरून गेला होता, आणि आईनं कितीही धुतला तरी रेघा जात नव्हत्या.

हरभरा निघून गेलेल्या दिवसांतला एक रविवार होता. मी शाळेचे पेपर तपासत बसलो होतो. बाबांनी बाजेवरून हाक मारली.

"मास्तर, चौकटीले वायवी लागून राह्यली. पाह्यली काय?"

आमच्या घरकुलाला पुढची चौकट जुन्या मातीच्या घराची आहे, बाभळीची. बाबांनीच हट्टानं ती काढून आणून इथं बसवली होती. तिच्या बुडाशी खरंच मातीच्या बारीक रेघा चढल्या होत्या. आमच्याकडे लाकडाला जळकं ऑइल लावतात. गाडीतून काढलेलं, काम झालेलं ऑइल. वाळवी त्याच्या वाटेला जात नाही. चौकट असो, बाजेचे खुरे असोत की वखराचं लाकूड, सगळ्याला तेच. आईनं न्हाणीच्या आडून एक पत्र्याचा डबा आणून ठेवला. दीडेक लिटर काळंभोर ऑइल होतं.

"हे कुठून आलं?" मी विचारलं.

"होतं," आई म्हणाली.

मी जुन्या कपड्याचा बोळा केला आणि लावायला बसलो. बाबा बाजेवरून सांगत होते. बुडाशी जास्त मुरव, फटीत घाल, दोन हात दे. खूप दिवसांनी ते घरातल्या एखाद्या गोष्टीत लक्ष घालत होते. मला फार बरं वाटलं. आईला म्हणालोसुद्धा, "पाहिलं? आज किती बोलत आहेत." आई सुपातली डाळ निवडत होती, तिनं मान वर केली नाही. मी चौकटीला दोन हात दिले, उरलेलं ऑइल बाजेच्या खुऱ्यांना लावलं, डबा पुसून कोरडा केला. काम चोख झालं म्हणून स्वतःवर खूश होतो. हे सगळं मी माझ्या हातानं केलं, आणि आजही कुणी चांगल्या मूडमध्ये मला "कामाचा माणूस" म्हटलं की ती चौकट डोळ्यांपुढं येते.

मंगळवारी सकाळी नेहमीसारखे निघालो. बाबांनी पट्टी उपसली, दुपट्ट्याला पुसली, उन्हात धरली.

"ठीक हाय," म्हणाले.

गाव सोडून तीन किलोमीटर झाले नसतील. इंजिनाचा आवाज बदलला. मला गाडीतलं ओ की ठो कळत नसल्यामुळं असेल काहीतरी म्हणून मी दामटत राहिलो. मागून बाबांनी एरवी आवाजाच्या एवढ्याशा फरकाला शिव्या घातल्या असत्या. ते गप्प होते. मला वाटलं, झोपले. मग खालून पत्रा फाडावा तसा आवाज आला, मागची चाकं जागीच धरली गेली, आणि गाडी वाटेवरच्या केनवड गावाच्या अलीकडे शेताच्या कडेला उभी राहिली. इंजिन जाम. किक बसेना, स्टार्टर नुसता कण्हला.

ट्रॅक्टरला दोर बांधून गाडी घरी आणली तेव्हा अकरा वाजून गेले होते. वाशीमला फोन केला. तिथली सिस्टर म्हणाली, आजची पाळी गेली, उद्या-परवा मशीन रिकामं नाही, शुक्रवारी सकाळी पहिलं नाव लावते. आणि सर, शुक्रवार चुकवू नका. चुकवला तर काय होईल, ते तिनं न विचारता सांगितलं. मी बाबांना फक्त शुक्रवारचं सांगितलं.

केनवडचा मिस्त्री एकेकाळी बाबांच्या हाताखाली शिकलेला. त्याचा हाताखालचा माणूस लग्नाला गेला होता आणि दुकान सोडून येणं त्याला शक्य नव्हतं. "इंजिन तेवढं खोलून आनून द्या सर, एका दिवसात करून देतो," तो फोनवर म्हणाला. मी म्हणालो, खोलणार कोण? जीप सांगतो शुक्रवारी. हे मी बाबांसमोरच बोललो. बाबांनी भिंतीकडे तोंड केलं.

"लोकाच्या गाडीत नाई."

"मग काय पाठीवर नेऊ तुम्हाला?" माझा आवाज चढला. रागाला माझ्याकडे नेहमीच घर असतं.

बाबा भिंतीकडे पाहतच म्हणाले, "मी सांगतो. तू खोल."

बुधवारी सकाळी त्यांची बाज अंगणात निंबाखाली आणली. पाय सुजून टम्म झाले होते, बोट दाबलं तर खड्डा तसाच राहत होता. श्वास घेताना खांदे वर उचलावे लागत होते. पण पाना-पेटी उघडली आणि त्यांचा आवाज जागेवर आला. शेजारी एक विहिरी खोदणारा राहतो. त्याच्याकडून लोखंडी तिपाई आणि ओझं उचलायची चेन कुप्पी आणली. मला वाटलं, आता इंजिन साखळीनं वर उचलायचं.

"इंजिन नाई उचलत," बाबा म्हणाले. "इंजिन खालीच राहू दे. गाडी उचल. इंजिनावरून गाडी काढत असतात, समजलं? गाडीतून इंजिन नाई."

मला हे इतकं आवडलं की मी ते मनातल्या मनात दोनदा म्हटलं. इतकी वर्षं माझ्या घरात हे ज्ञान होतं आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

आईच्या पितळी परातीत त्यांनी ओली काळी माती थापायला लावली. जो बोल्ट निघेल तो त्या मातीत उभा रोवायचा, इंजिनात ज्या जागी होता त्याच जागी. डावीकडचा डावीकडे, वरचा वर. त्यामुळं बसवताना कुणाला विचारावं लागत नाही. केबली सुटल्या की वाकळ शिवायच्या रंगीत दोऱ्यांनी बांधायच्या. क्लचला लाल, रेसला पांढरा, गिअरच्या दोन केबलींना निळा आणि पिवळा. आई दोरे तोडून देत होती. मी बॅटरीची वायर काढली, डिझेलचा पाइप काढून तोंडाला चिंधी कोंबली, सायलेन्सर काढला. सायलेन्सरचा एक बोल्ट गंजून बसलेला होता. मी अंगात होतं नव्हतं तेवढं बळ लावलं आणि पाना सटकून बोटांची सालं निघाली. मी शिवी हासडली. आईबापासमोर मी उभ्या आयुष्यात दिलेली ती पहिली शिवी.

बाबा हसले. खोकला येईपर्यंत हसले.

"आता झाला मेकॅनिक," म्हणाले. "दाखव हात."

मी हात पुढं केला. त्यांनी तो पालथा करून बघितला, नखांत गेलेलं काळं बघितलं, सालपटलेली बोटं बघितली. आपल्या दुपट्ट्याचं टोक त्यावर दाबून धरलं. त्यांचा हात थंडगार होता. एवढा वेळ त्यांनी माझा हात कधी धरला नव्हता.

"लई वर्षं लपवून ठेवले मी हे हात," म्हणाले.

मला खरं सांगायचं तर तो दिवस आवडला. बापाच्या पायावर सूज चढते आहे, छातीत पाणी भरतं आहे, आणि मी मजेत आहे. याची लाज मला नंतर वाटली, तेव्हा वाटली नाही. चौदाचा पाना, सतराचा पाना, आता बारा. मी चुकायचो, ते चिडवायचे. "इतके वर्षं पोराईले उजवं-डावं शिकवून राह्यला, अन् नट उलटा फिरवून राह्यला." दुपारी दोनच्या सुमारास शेवटचे दोन मोठे बोल्ट निघाले. इंजिनाच्या खाली जुना टायर सरकवलेला होता, ते त्याच्यावर बसलं. विहिरीवाल्यानं साखळी ओढली. गाडीचा मागचा भाग वर गेला आणि इंजिन खाली तसंच राहिलं, काळं, ओबडधोबड, अंगणातल्या उन्हात. मी टायर धरून ते मागं ओढलं. उभं राहून बाबांकडे पाहिलं. मला शाबासकी हवी होती, अडतीस वर्षांचा घोडा, तरी हवी होती.

बाबा इंजिनाकडे पाहत नव्हते. डोळे मिटून पडले होते.

"बाकीचं मिस्त्री पाहीन," म्हणाले. "तू काई खोलू नको आता."

शेजाऱ्याच्या छोट्या टेम्पोत घालून चारच्या सुमारास इंजिन केनवडला नेलं. मिस्त्री खूश झाला. परातीतल्या मातीचे आणि तिच्यात रोवलेल्या बोल्टांचे फोटो मी मोबाइलमध्ये काढून आणले होते, ते बघून म्हणाला, "हे काम वस्तादचंच." मग त्यानं इंजिनाभोवती एक चक्कर मारली.

"सर, ऑइल कशात सांडलं?"

"कोणतं?"

"इंजिनातलं. खोलाच्या पह्यले सांडता ना."

"बाबांनी नाही सांगितलं."

तो हसला. मी थट्टा करतो आहे असं त्याला वाटलं असावं. "वस्तादनं नाई सांगतलं? मले पह्यल्या दिवशी कानाखाली वाजवली होती त्यायनं. काहून, तं ऑइल न सांडता मी नटाले हात लावला. पह्यले ऑइल सांड, मंग बाकीचं, हे झोपेतबी म्हनत होते."

त्यानं खाली घमेलं सरकवलं आणि ऑइलचा खालचा बोल्ट खोलायला पाना लावला. पान्याची गरज पडली नाही. बोल्ट बोटांनीच फिरला. घमेल्यात चार थेंब पडले.

"गयलं वाटते सगयं," तो म्हणाला. "हा बोल्ट कसलाच नाई कोनी. हातानंच लावेल हाय. कोन्या गाढवानं लावला?"

मी म्हणालो, माहीत नाही. गळलं असतं तर अंगणात डाग असता. सकाळपासून मी त्याच जागी मातीत लोळलो होतो आणि पाठीला धूळ सोडून काही लागलं नव्हतं. मिस्त्री पिस्टनकडे वळला, माझ्याकडे एक जुना ब्लॉक पडून हाय, उद्या दुपारी घेऊन जा, असं काहीतरी सांगत राहिला. मी घमेल्यातले चार थेंब पाहत होतो. दीड लिटर. पत्र्याचा डबा. होतं, असं आई म्हणाली होती.

घरी पोचलो तेव्हा सूर्य मावळत होता. बाबांना डोळा लागला होता. मी चौकटीशी थांबलो. ती काळी तुकतुकीत दिसत होती. मी बोट फिरवलं आणि हुंगलं. वास कळण्याइतका मी जाणकार नव्हतो, पण आता वासाची गरज नव्हती. वाकून गाडीखाली जाणं बाबांना शक्य नव्हतं, हेही मला तेवढ्यात सुचलं. मग बोल्ट कुणी खोलला?

आई चुलीपाशी भाकरी थापत होती.

"बोल्ट तू खोलला?"

तिचा हात थांबला नाही. "मंग? त्यायले वाकता येते काय? त्यायनं पाना देल्ला, कोन्या बाजूनं फिरवाचा ते सांगतलं. मी खाली डबा धरला."

मला वाटत होतं की पाना धरायला त्यांनी घरात पहिल्यांदा मला शिकवलं.

"अन् तुला काय वाटलं?"

"ऑइल बदलवून राह्यले वाटलं. नवं टाकतीन वाटलं."

"नाही टाकलं."

"नाई टाकलं."

"मग तू इचारलं काहून नाई?" मी ओरडलो. रागात माझी पुस्तकी भाषा आपोआप जाते. "मले सांगतलं काहून नाई? मंगळवारी तो माणूस पट्टी पाहून ठीक हाय म्हनते, अन् तू बाजूले उभी!"

तिनं भाकरी तव्यावर टाकली, हात पुसले, आणि पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

"इचारलं असतं, तं त्यायनं मले खरं सांगतलं असतं," ती म्हणाली.

मी बाहेर आलो. मला गाडीला लाथ मारायची होती, पण तिला मागं इंजिन नव्हतं आणि ती तिपाईवर लटकलेली होती, मारून काय मिळणार? बाबांना उठवून त्यांच्याशी भांडावं असंही वाटलं. त्यांचा श्वास बाहेर ऐकू येत होता. मी भांडलो नाही, पण ते समजूतदारपणामुळं नाही. ते काय उत्तर देतील, याची मला भीती वाटत होती.

गुरुवारी दुपारी इंजिन आलं. आम्ही ते बसवलं. म्हणजे इंजिनावर गाडी उतरवली. त्या दिवशी अंगणात चिडवाचिडवी नव्हती. बाबा नुसते आकडे सांगत होते. सतरा. चौदा. लाल दोरा वरून घाल. मी परातीतून बोल्ट उचलत होतो, मातीत त्याचं भोक उरत होतं. काल ज्या जागेवर ते मला मेकॅनिक म्हणून हसले होते तिथं आज ते माझ्याकडे पाहत नव्हते, आणि मी त्यांच्याकडे पाहत नव्हतो. मला कळलं आहे हे त्यांना कळलं आहे, एवढं दोघांनाही ठाऊक होतं. नवं ऑइल मी ओतलं. खालचा बोल्ट मी असा कसला की पाना वाकायचा बाकी राहिला. पाचच्या आत गाडी सुरू झाली. मिस्त्रीनं बसवलेला पिस्टन नवा असल्यासारखा चालत होता. मी पाच मिनिटं तसंच चालू ठेवलं, मग बंद केलं. शुक्रवार सापडला होता. मी स्वतःला बजावलं, की त्यांनी काहीही म्हटलं तरी उचलून गाडीत टाकायचं. त्यांचं वजन आता इंजिनाहून फार जास्त नव्हतं.

शुक्रवारी पहाटे आईनं त्यांना अंघोळ घातली, पांढरा सदरा घातला. पिशवीत रिपोर्ट, चादर, ओकारी आलीच तर प्लास्टिकचा डबा. बाबा अंगणातल्या बाजेवर बसून होते, श्वास लागत होता म्हणून दोन्ही हात गुडघ्यांवर. मी गाडी सुरू करून ठेवली आणि त्यांना उचलायला आलो.

"ऑइल पाह्यलं?" त्यांनी विचारलं.

"पाहिलं."

"मिस्त्री काय म्हने?"

"बोल्ट कोणत्या गाढवानं लावला म्हणाला."

"तुह्या मायच्या हातात जोर नाई," ते म्हणाले. मग जरा दम खाऊन, "मंगळवारी पट्टी कोरडी होती. मी ठीक हाय म्हनलं. तुह्याशी मी आजलोक खोटं नाई बोललो. तेवढं एक बोललो."

"कायले, बाबा? तोंडानं नाही म्हनता येत नव्हतं?"

"म्हनलं असतं, तं तू ऐकलं असतं?"

काय करणार होतो ते मी आदल्या संध्याकाळीच ठरवलं होतं.

"तू रजा टाकून राह्यला. तुही माय कप धरून राह्यली. डॉक्टर सांगते, सिस्टर सांगते. सगये चांगले हा तुमी. तुमाले नाई कसं म्हनू? मंग गाडीलेच सांगतलं नाई म्हन म्हनून." ते थांबले. बोलायला त्यांना आता एकेका वाक्यामागं तीन श्वास लागत होते. "दोन वर्षं झाले. बसा म्हनलं, बसलो. झोपा म्हनलं, झोपलो. येता काय म्हनून मले एका दिवशी कोनी इचारलं नाई, बापू. मी तीस वर्षं सवाऱ्या नेल्या. सवारीलेबी इचारा लागते, कोठी जायचं म्हनून."

मागं इंजिन चालू होतं. आई पिशवी घेऊन चौकटीत उभी होती. मला वाटत होतं तिनं काहीतरी बोलावं, रडावं, त्यांना दटावावं. ती माझ्याकडे पाहत होती. आता माझी पाळी होती हे तिलाही कळत होतं. मला त्या क्षणी बापाचा भयंकर राग आला. सगळं स्वतः ठरवून, सगळं स्वतः करून, शेवटचं एवढंसं काम या माणसानं माझ्यावर टाकलं होतं. मी मुलांना रोज प्रश्न विचारतो. त्या प्रश्नांची उत्तरं मला आधीच माहीत असतात. याचंही होतं.

मी बाजेसमोर उकिडवा बसलो.

"बाबा, येता काय?"

त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं. बोटांची सालं अजून भरली नव्हती.

"नाई," म्हणाले.

मी उठलो आणि गाडी बंद केली. अंगण एकदम शांत झालं. आईनं पिशवी खाली ठेवली, आत गेली, आणि माठातून तांब्या भरून घेऊन आली. कप नाही आणला. बाबांनी तांब्या दोन्ही हातांनी धरला आणि मान मागं टाकून प्यायला लागले. गळ्यातून पाणी उतरत होतं, पांढऱ्या सदऱ्यावर सांडत होतं, आणि त्यांनी तो ओठावरून काढला नाही. सगळा संपवला. रिकामा तांब्या त्यांनी मला दिला आणि दाराकडे बोट केलं, पान्यानं दाखवायचे तसं.

मी आत गेलो. तोल सावरायला चौकटीला हात लावला तर तळवा काळा झाला. तशाच हातानं मी तांब्या पुन्हा भरला.